बालाजीचं तिसरं प्रकरण

लातूरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवतो. दुसरा तास चालू असताना नांदेडहून फोन आला. नायगावजवळ बालाजीच्या मोटारसायकलला टिप्परनं उडवलं होतं, तो जागीच गेला. प्रबंधाला मुदतवाढ मागायला विद्यापीठात निघाला होता. तास अर्धा उरला होता, तो मी शिकवून संपवला. का, ते दोन महिन्यांनंतरही मला सांगता येत नाही...

बालाजी देगलूरकडच्या खेड्यातला. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात दखनी आणि प्रबंध इंग्रजीत. मराठीत लिहायची मुभा होती, पण इंग्रजीत लिहिलंस तर बाहेर कुणीतरी वाचेल, असं मार्गदर्शक म्हणाले आणि यानं मान डोलावली. विषय होता गुत्त्यानं, म्हणजे अख्ख्या शेताची ठोक मजुरी ठरवून, सोयाबीन काढणाऱ्या बायांचा. त्याची आई अशाच एका टोळीची म्होरकी. बाया बांधावरून नुसतं शेत बघून गुत्तं कसं ठरवतात, गरोदर बाईच्या वाट्याची ओळ बाकीच्या न बोलता कशा काढून देतात, हे तो सांगायला लागला की हॉस्टेलची खोली गप्प व्हायची. लिहायला बसला की मात्र कागद कोरा. "सर, डोस्क्यात सगळ्या भाषा भांडून राहिल्यात," म्हणायचा. आम्ही संशोधक एकमेकांना सरच म्हणतो, नोकरीचा पत्ता नसला तरी.

मी त्याच्या चार वर्षं पुढं. माझ्याकडे एक वही होती, मंजूर झालेल्या प्रबंधांतून उतरवलेल्या इंग्रजी वाक्यांची. प्रकरण कसं सुरू करायचं, निष्कर्ष कसा मांडायचा, सगळं तयार, फक्त विषय बदलायचा. मला ती एका सीनियरनं दिली होती, मी बालाजीला दिली. शाळेत फळ्यावरचं उतरवायचं, कॉलेजात गाईडातलं, विद्यापीठात वहीतलं. लिहिणं म्हणजे दुसरं काही असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात आईच्या टोळीची आठ पानं होती, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. "हे काढून टाक, संशोधनात आई नसते," असं मीच म्हणालो. वर मोठेपणानं हसलोही. त्यानं काढली. त्या जागी वहीतली वाक्यं भरली.

वाङ्मयचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं ते प्रकरण जवळजवळ सगळं लाल करून दाखवलं. माझ्या वेळी तपासणी इतकी कडक नव्हती, तसल्याच वाक्यांवर मी डॉक्टर झालो. विद्यापीठाच्या समितीनं त्याला विचारलं, ही वाक्यं कुठून आणली? मी दाराबाहेर उभा होतो, सगळं ऐकू येत होतं. त्यानं माझं नाव घेतलं नाही. मीही आत गेलो नाही. नंतर त्यानं सगळं स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तेव्हा 'भाषा सुधारा' असा शेरा येऊन ते दोनदा परत आलं. तेवढ्यात मुदत संपली. "माझं लिव्हलं तर कच्चं, दुसऱ्याचं लिव्हलं तर चोरी. मग लिव्हावं तरी काय, सर?" त्यानं मला विचारलं.

तेराव्यानंतर मी त्याच्या गावी गेलो. आईनं कॅरीबॅगेतून कागद काढून माझ्यापुढं ठेवले. ते तेच जुनं, वहीतल्या वाक्यांचं प्रकरण होतं.

"मला वाचाया येत न्हाई, सर. आमच्याबद्दल काय लिव्हलंय ते जरा सांगा."

मी पानं उलटत गेलो. त्यांत एकही बाई नव्हती. मग कागदावर बोट ठेवून, कागदावर नसलेलंच सांगत गेलो... बांध, गुत्तं, ती गरोदर बाई. आई डोळे मिटून ऐकत होती.

"हाव, लई बरोबर लिव्हलंय माझ्या लेकरानं," ती म्हणाली. डोळे उघडून तिनं विचारलं, "मग सायेबांनी वापस का केलं?"

माझ्यामुळं, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. मी म्हणालो, "इंग्रजी कच्चं पडलं, मावशी."

तिनं मान हलवली. "आमीच अडाणी," म्हणाली.