मावशींचा हातगुण

बॅटरी एका कंपनीची, सांगाडा दुसरीचा, आणि दोन्ही जोडायचं काम तिसरीच्या शेडमध्ये. तिघींनी मिळून काढलेल्या या विजेच्या स्कूटरचा संसार चालत होता तो मात्र जोडणीवाल्या मावशींच्या जिवावर. त्यांनी बसवलेली बॅटरी घट्ट बसायची, दुसऱ्या कुणी बसवली की खुळखुळायची. "मावशींचा हातगुण!" शेडचे साहेब म्हणायचे. पुढच्या महिन्यात मावशी निवृत्त होणार होत्या, पण साहेबांनी त्यांना थांबवून घ्यायचं कबूल केलं होतं. "तुमच्याशिवाय इथं पान हलत नाही." घरी बसायच्या नुसत्या कल्पनेनं मावशींना धडकी भरायची, त्यामुळे त्या खूश होत्या.

हातगुण कसला डोंबलाचा! सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी होती ती. खिशातून काढायची, दुमडायची, बॅटरीच्या बाजूला सारायची. मावशींनी कुणाला सांगितलं नव्हतं. कौतुक कुणाला नको असतं?

सोमवारी दोन्ही कंपन्यांचे इंजिनिअर मंजुरीच्या सह्या करायला आले. मावशींच्या हातच्या दहाही गाड्या चाचणीत पास झाल्या होत्या, आता हजारो निघणार होत्या. मावशींनी सांगावं तर थांबायचं कारणच संपतं. न सांगावं तर कुणाची तरी लेक त्या खुळखुळणाऱ्या बॅटरीवर बसून जाणार.

त्यांनी एका गाडीतली पट्टी काढून टेबलावर ठेवली. "हा बघा माझा हातगुण." आणि बॅटरी हलवून दाखवली.

बॅटरीवाला इंजिनिअर चाचरला. "आधी फार घट्ट होत होती, म्हणून आम्ही बॅटरीचं खोकं दोन मिलिमीटरनं कमी केलं."

सांगाडावाला ओशाळला. "आम्हीही म्हणूनच सांगाड्यातली खाच दोन मिलिमीटरनं वाढवली."

"आणि एकमेकांना सांगितलं नाहीत?" मावशींनी विचारलं.

"नकाशे दाखवायचे नाहीत, असा करारच आहे."

"अहो, सोयरीक केलीत आणि तोंडं बांधून बसलात?"

साहेबांना हसू आवरेना. सह्या राहिल्या, आणि दोघांचे नकाशे पहिल्यांदाच एका टेबलावर पसरले.

तीन आठवड्यांनी नवं खोकं आलं. साहेबांनी ते स्वतः बसवलं, चपखल बसलं. "मावशी, आता कुणालाही जमतं बघा!" असं म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

मावशींना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. त्यांनी दोन्ही हातांनी बॅटरी धरून जोरात हलवली. ती जागची हलली नाही.

"जमायलाच हवं," त्या म्हणाल्या, आणि एप्रन काढून त्याची घडी घातली.