रेडिओतला नास्तिक आणि माझा बा

आमच्या कोळीवाड्यात नास्तिक एकच होता, तो म्हणजे माझा बा. रेडिओ येईपर्यंत त्याचा कुणाला त्रास नव्हता.

माझा चुलता दर नारळी पुनवेला सगळ्यांच्या पुढे होऊन समुद्राला नारळ द्यायचा. एका वर्षी पुनव झाली आणि पहिल्याच फेरीत तो आमच्या होडीसकट बुडाला. त्यानंतर बाने देवळात जाणं सोडलं. भाषण नाही, वाद नाही. पुनवेच्या आधी लोकांच्या होड्या तोच रंगवायचा, पताका बांधायचा, आणि मिरवणूक निघाली की घरी येऊन जाळं विणत बसायचा. लोक म्हणायचे, भावाचं दुःख हाय, जाऊ द्या.

मग पंचायतीने समाजमंदिरात रेडिओ आणून ठेवला. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. त्यावर दर आठवड्याला संध्याकाळी भागाभागांनी एक नाटक लागायचं. त्यात एक देवभक्त बहीण आणि एक नास्तिक भाऊ. बहीण बोलायची तेव्हा मागे बासरी वाजायची. भाऊ आला की आधी खर्जातला एक सूर लागायचा आणि मग त्याचं ते खदाखदा हसणं. तो दारू प्यायचा, म्हाताऱ्या आईला ढकलायचा, देव्हारा लाथाडायचा. कामधंदा काही नाही, दिवसभर देव न मानणं हाच उद्योग. लिहिणाऱ्या शहाण्याने जन्मात एक तरी नास्तिक जवळून पाहिला होता की नाही, कोण जाणे. आणि ती बहीण तरी कुठे खरी होती? आमच्यातल्या भाविक बाया मासळी लागली नाही तर देवीला तोंडावर शिव्या घालायच्या, नैवेद्य बंद करायची धमकी द्यायच्या. ही बया नुसती हुंदके द्यायची. पण गुळाला मुंगळे चिकटावेत तसा कोळीवाडा त्या खोक्याला चिकटला.

हळूहळू लोकांना बामध्ये तो भाऊ दिसायला लागला. बा हसला तर म्हणायचे, बघा, तसाच हसतो. बा दारूला शिवत नसे, तर म्हणायचे, चोरून पीत असंल. ज्या बायका आईशेजारी बसून मासे विकायच्या त्या तिला विचारू लागल्या, मारतो का गं तुला? आई नाही म्हणाली की त्यांना तिची आणखीच कीव यायची. त्या कीवेचा मला अजून संताप येतो.

शेवटच्या भागात त्या नास्तिकाचे पाय लुळे पडले. बहिणीने त्याला देवीपुढे आणलं, त्याने डोकं टेकलं, रडला, आणि उठून चालायला लागला. समाजमंदिरातली सगळी बायामाणसं ओक्साबोक्शी रडली. मीही रडले.

पुढच्याच पावसाळ्याच्या अखेरीस जाळं झाडताना पाकटाचा काटा बाच्या पावलात घुसला. पाकट म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा. गावठी लेप लावून झाले. पाय मांडीपर्यंत सुजला, काळानिळा पडला, अंगात ताप फणफणला. अलिबागच्या दवाखान्यात नेलं असतं तर कदाचित पाय गेला असता, पण बा राहिला असता. त्यासाठी होडीने खाडी ओलांडायची आणि पलीकडून एस.टी. धरायची. आमची होडी चुलत्याबरोबरच गेलेली. पाटलाच्या शब्दाशिवाय आम्हाला कुणी होडी देणार नव्हतं, म्हणून आई पाटलाकडे गेली.

"होडी हाय," पाटील म्हणाला. "पन आधी त्याला देवीच्या पाया परू दे. पाय कुनी लुला केला, कललं नं तुला?"

आईने घरी येऊन बाच्या पायाशी डोकं आपटलं. बाने हात घालून तिचं डोकं अडवलं. मग म्हणाला, "उठ. होडीसाठी पाया परतो."

चौघांनी त्याला उचलून देवळात नेलं. सगळा कोळीवाडा लोटला होता. बाने पायरीवर डोकं टेकलं आणि ढोल वाजले. बायांनी ओवाळलं, कुणी त्याच्या कपाळाला गुलाल फासला, गळ्यात हार घातला. ज्यांनी आमच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं होतं ते त्याच्या पाया पडू लागले.

"आता होडी काढा," आई म्हणाली.

पाटलाला खरंच नवल वाटलं. "आता दवाखाना कशाला? पाया परला नं तो? रेडिओतला उठला तसा ह्योबी उठंल. होडी काढली तर देवीवर इश्वास न्हाय असा अर्थ व्हईल."

देवळासमोरच खाडीचा काठ; आईने तिथल्या होडीतलं वल्हं उचललं. बायांनी तिला मायेने धरून ठेवलं. तिने चावे घेतले तरी त्यांनी सोडलं नाही. हे सगळं बाने पाहिलं. तो पायरीला धरून उठला, आणि तो सडलेला पाय फरफटत, ओठ चावत, खाडीच्या दिशेने निघाला.

"उठला!" कुणीतरी ओरडलं. "चालला!"

ढोल आणखी जोरात वाजायला लागले. लोक रडत होते, नाचत होते, त्याच्यावर गुलाल उधळत होते. बा होडीपर्यंत पोचला, आत पडला आणि दोन्ही हात वर करून वल्हं मागत राहिला. लोकांना वाटलं, तो देवीला हात जोडतोय.

तिथून त्याला वाजतगाजत घरी आणलं. दोन दिवसांनी तो गेला. त्याचं मन साफ नव्हतं, असं ठरलं.

गावात अजून सांगतात की देवीने माझ्या बाला चालवलं. तो कुठे निघाला होता, हे मला कुणी विचारत नाही.