आमच्या घरचा वरवंटा

कोपरीत भाजी घेत होतो, तेव्हा रोहिणीताईचा फोन आला. “नंदू, आई गेली रे.” सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत… एवढंच. रोहिणीताई माझी आतेबहीण, कल्याणला राहते. आत्या शेवटची दहा वर्षं तिच्याकडेच होती. मी ‘निघतो लगेच’ म्हणून फोन ठेवला आणि मेथीची जुडी हातात धरून तसाच उभा राहिलो. आता जे लिहितोय ते दीड महिन्यात बायकोलाही सांगितलेलं नाही. आत्या गेल्याचं ऐकून रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. हुश्श, आता वरवंट्याचं कुणी विचारणार नाही! एक्याऐंशी वर्षांची बाई, जिने मला आईच्या बरोबरीने वाढवलं, ती गेली आणि माझ्या मनात आधी हे आलं. लाज वाटते.

आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा जातो. त्याला कुंची घालायची, काजळ लावायचं, पाळण्याच्या वरून-खालून एकीने द्यायचा, दुसरीने घ्यायचा. तो निजला की मग बाळ. बाळ दगडासारखं दणकट व्हावं म्हणून. बऱ्याच घरांत हे करतात आणि वरवंटा कुठलाही चालतो. आत्याला चालत नसे. आजीने कोकणातून डोंबिवलीला बिऱ्हाड हलवलं तेव्हा पोत्यात बांधून आणलेला, तोच लागायचा. माझे बाबा, आत्या, मी, रोहिणीताई, तिची मुलगी, सगळे त्याच्यामागून पाळण्यात गेलेलो. सासरी कल्याणला असली तरी कुणाचंही बारसं निघालं की आत्या आदल्या दिवशी डोंबिवलीत मानपाड्याला आमच्या घरी हजर. पदर खोचून वरवंटा मांडीवर घ्यायची आणि कोमट पाण्याने त्याला चक्क न्हाऊ घालायची. मी हसलो की म्हणायची, “हसतोस काय मेल्या? थोरला भाऊ आहे तुझा!” कुणाच्या मुंजीत कोण रुसलं, कुणाच्या लग्नात पंगतीला मीठ कमी पडलं, तेव्हा कुणी कुठल्या रंगाचं पातळ नेसलेलं… सगळं धडाधडा सांगायची आणि ते बरोबर निघायचं. तिच्याकडे सोनंनाणं काही नव्हतं. आठवण हाच तिचा रुबाब.

आठ वर्षांपूर्वी मानपाड्याची आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि आम्ही इथे कोपरीत, चौदाव्या मजल्यावर राहायला आलो. सामान हलवताना पाटा-वरवंटा मी खाली पाण्याच्या टाकीजवळ ठेवला आणि तिथेच सोडून आलो. मुग्धाने, माझ्या बायकोने, विचारलेलं, “अरे, आत्यांना एकदा विचारलंस का?” मी म्हटलं, “तिला विचारलं तर जातंपण वर न्यावं लागेल. मिक्सर आहे ना आपल्याकडे?” चुकून राहिला, असं लोकांना सांगता येईल, पण ते खरं नाही. मला तो दगडच वाटला होता.

वर्षभराने मुलगी झाली. आत्याचा फोन आला, “वरवंटा काढून ठेव रे.” मानपाड्याला धावत गेलो, तर तिथे पत्रे ठोकलेले आणि आत सगळं सपाट. तेव्हाही सांगून टाकता आलं असतं. आत्याने चार शिव्या दिल्या असत्या, महिनाभर अबोला धरला असता, संपलं असतं. मी काय करावं? रस्त्याकडेला पाटे विकणाऱ्या बाईकडून एक वरवंटा आणला, गच्चीत फरशीवर दोन दिवस घासला, वर तेल-हळद चोपडली. तळहात सोलवटले माझे. तेवढ्या मेहनतीत खरं दहादा बोलून झालं असतं!

बारशाला आत्याने तो मांडीवर घेतला. उलटा केला, सुलटा केला. एका टोकावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या टोकावरून. “नंदू, टवका कुठाय रे?” जुन्याच्या एका टोकाचा टवका उडालेला होता. बाबांनी लहानपणी उंबऱ्यावर आपटलेला. ती बाजू पाय, दुसरी डोकं. कुंची कुठे घालायची ते आत्याला त्यावरून कळायचं. पाळण्याभोवती बायका खोळंबलेल्या, सगळे माझ्याकडे बघतायत. मी हसून म्हटलं, “काहीतरीच काय आत्या? टवका कधी नव्हताच.” तिने माझ्याकडे नीट बघितलं. “नव्हता?” मग अगदी हळू म्हणाली, “असेल बाबा… दुसऱ्या कुणाकडचा आठवत असेल मला.” आणि तिने कुंची घातली. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतर आत्या सांगता सांगता अडायला लागली. निळं पातळ म्हणायची आणि थांबायची. “की हिरवं होतं? मला नका विचारू, मला तर वरवंट्याचा नसलेला टवकासुद्धा आठवतो.” सगळे हसायचे. मीही. एकदा मी कल्याणला गेलेलो तेव्हा दूध उतू गेलं. आत्या म्हणाली, “मी गॅस बंद केलेला.” रोहिणीताई म्हणाली, “आई, तुला आठवत नाही गं आता.” पूर्वीची आत्या घर डोक्यावर घेती. ही फडकं घेऊन ओटा पुसायला लागली. तेव्हापासून तिचं ओट्याशी जाणं बंद झालं. रोहिणीताईने काळजीपोटीच केलं ते. वय झालेलं, आत्या थोडंफार विसरतही असेल. पण तू विसरतेस, हे तिला पहिल्यांदा मी सांगितलं, आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला. त्या दिवशी मी तिथेच पोह्यांची बशी घेऊन बसलेलो. एक वाक्य बोलायचं होतं. पोहे खाल्ले आणि घरी आलो.

गेल्या आठवड्यात रोहिणीताईच्या मुलीला मुलगा झाला. “बारशाला वरवंटा आण हं नंदू, आई तेवढंच सांगून गेलीय,” ताई फोनवर म्हणाली. “आणि शेवटी शेवटी काय सारखं, टवका पायाकडे ठेवा, टवका पायाकडे ठेवा… नसलेला टवका बिचारीच्या डोक्यातून जाईना!” ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी म्हटलं, “आणतो.”

तो गच्चीत घासलेला वरवंटा आत्ता माझ्या समोर आहे. मुग्धा म्हणते, आता हाच घरचा, आपली पोर ह्याच्याच मागून पाळण्यात गेली. असेलही. खरं कळल्यावर ताई म्हणाली, तर तोही नेईन. तिला खरं सांगायला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा बारशाच्या जेवणाचं बोलून ठेवला. ती वर्तमानपत्राची ही पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते आणि बारसं अजून व्हायचंय, म्हणून इथे लिहितोय. रोहिणीताई, टवका होता. तुझ्या आईला सगळं नीट आठवत होतं.