दुर्बीणवाल्या बाई

चाकणच्या ज्योतीरामकडे लष्करातून लिलावात निघालेली जीप होती. ती तो भाड्याने चालवायचा. दारूबंदी लागू होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. चिंचवडच्या शाळेतल्या सुमनताई एकदा नवऱ्यासोबत आल्या आणि म्हणाल्या, "भीमाशंकरला जायचंय."

"दर्शनाला?"

"नाही, रानात. शेकरू बघायचंय, धनेश बघायचाय."

ताईंच्या गळ्यात दुर्बीण होती. जीप करून कुणी खार बघायला जातं व्हय?  ज्योतीरामचे दाजी मारुतराव त्याच रानात हातभट्टी लावत. बाई नक्की सरकारी असणार. पण नाही म्हणावं तर संशय आपल्यावरच यायचा.

रानात शिरल्यावर वर आभाळ दिसेना. झाडांच्या बुंध्यांवर ओलं शेवाळ चढलेलं. ताई दबकत चालत होत्या आणि ज्योतीराम मुद्दाम मोठमोठ्यानं खोकत होता. फांद्यांवरून धनेशांची जोडी फडफडत उडाली.

"अहो, तुमच्या खोकल्यानं उडाले ते!" ताई हळहळल्या. मग थांबून म्हणाल्या, "त्या घळीत धूर दिसतोय. कुणी राहतं का तिथं?"

"न्हाई बाई. धुकं हाय ते."

नवऱ्यानं काहीतरी लिहून घेतलं. ज्योतीराम मान लांबवून त्यांच्या वहीत बघू लागला.

तेवढ्यात ताईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं. उंच फांदीवर तांबूस पाठीचं शेकरू फळ कुरतडत होतं, लांब शेपूट खाली लोंबत होती. बघता बघता ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी दुर्बीण त्याच्या हातात दिली. "बघा तरी, ज्योतीराम!"

त्यानं शेकरू पाहिलं न पाहिलं आणि दुर्बीण घळीकडे वळवली. मारुतराव भट्टीची मडकी दगडावर आपटून फोडत होते. मध्येच त्यांनी मान वर केली आणि थेट त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"द्या हो, ते चाललं!" ताईंनी दुर्बीण ओढून घेतली. घळीकडे त्या वळल्यासुद्धा नाहीत.

आठवड्याभरानं ज्योतीराम दाजींकडे गेला. "दाजी, आईशप्पत, बाई खार बघाया आल्ती."

"अन् तू दुर्बिनीतून काय बघत हुतास? खारच?"

 बहीण सोजराबाई चुलीपाशी मान खाली घालून बसली होती. मारुतरावांनी पुन्हा भट्टी लावली नाही, पुढे ते लाकूडतोडीला जाऊ लागले. पण ज्योतीरामच्या घरचं पाणी त्यांनी कधी घेतलं नाही. भाऊबीजेला बहीण एकटीच यायची आणि ओवाळून झालं की लगेच निघायची.