घोड्याच्या घरातलं प्यादं

धुळ्याच्या बुद्धिबळ स्पर्धेला निघालो तेव्हा बायकोनं दारातच बजावलं, "या वेळी हरून आलात तर पट माळ्यावर. कायमचा!" तिचंही चूक नव्हतं. डावाच्या नादात माझ्यासमोर दोनदा दूध उतू गेलं होतं आणि एकदा तर सासऱ्यांना मी जळगाव स्टेशनावर तासभर ताटकळत ठेवलं होतं. ऐटीत "कबूल" म्हणालो खरा, पण चाळीसगावला गाडी बदलेपर्यंत ती ऐट उतरली.

कारण धुळ्याला विलायती नियमांनी खेळायचं होतं आणि आमच्या क्लबात सगळे देशी खेळणारे. देशीत प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं, की त्या घरचा मोहरा होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. विलायतीत कुठंही पोचा, खुशाल वजीर मागा! गाडीत मी हे शंभरदा घोकलं.

शेवटच्या डावाला समोर धुळ्याचे एक आबा आले, कपाशीचे अडते. वाचनालयाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आबांनी माझा एक घोडा मारला, मग उंट मारला आणि हसून तपकीर ओढली. माझी सगळी भिस्त आता एका प्याद्यावर. ते एकेक घर सरकत पलीकडं घोड्याच्या घरात पोचलं. जिंकलो! त्या आनंदात, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, मी तिथं घोडा ठेवला.

खोलीभर "अरेरे!" झालं. वजीर सोडून घोडा! ठेवलेला मोहरा परत घेता येत नव्हता. स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटली. डोळ्यांसमोर माळा दिसू लागला.

आबा मात्र पटाकडं बघतच राहिले. घोड्याचा त्यांच्या राजाला शह बसला होता आणि आपल्याच प्याद्यांत कोंडलेल्या राजाला हलायला घर नव्हतं. मात!

"भाऊ, हाऊ घोडा कसा सुचना तुले?" आबांनी माझा हात घट्ट धरला. वजीर घेतला असता तर पुढच्याच चालीला ते माझ्यावर मात करणार होते, हे त्यांनीच मांडून दाखवलं.

"सुचला खरा, आबा," मी मिशीवरून हात फिरवत म्हणालो. जळगावात सगळ्यांना हेच सांगितलं.

बायकोला मात्र खरं सांगितलं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग स्टूल ओढून वर चढली आणि माळ्यावरून माझा पट खाली काढला. मी निघालो त्याच दिवशी तिनं तो वर टाकला होता.