रिळांचा दवाखाना

थॉमसचा फोन बँकेत आला तेव्हा काउंटरवर पेन्शनवाल्यांची गर्दी होती. "अण्णा गेले," तो म्हणाला. दुपारी जेवले, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवे झाले, ते उठलेच नाहीत. अशा वेळी माणसानं काय बोलावं याची एक रीत असते. मी मात्र म्हणाले, "अरे, माझं रीळ त्यांच्याकडेच आहे." पलीकडून थॉमस म्हणाला, "माझं पण." आणि आम्ही दोघंही, तो येलहंका जंक्शनच्या फोनवर आणि मी मॅनेजरच्या टेबलापाशी, रडायला लागलो. पेन्शनर मंडळी चष्मे वर करून बघत राहिली. त्याला आता काही आठवडे झाले, पण त्या दुपारचं ते माझं वाक्य अजून डोक्यातून जात नाही. कारण खरं सांगायचं तर अण्णांची आणि आमची सगळी गोष्ट त्या रिळांचीच आहे.

अण्णा म्हणजे डॉक्टर माधोजीराव साळुंके. जुन्या येलहंक्यात त्यांचा दातांचा दवाखाना. घराणं शहाजीराजांच्या वेळी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड अशी मुरली होती की कुठलं काय ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी साताऱ्याहून बदली होऊन बंगळूरला आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि महिन्याभरातच अक्कलदाढेनं मला त्यांच्या खुर्चीत नेऊन बसवलं. सुई बघून मी "आई गं" म्हणाले आणि डॉक्टरांचा चेहरा उजळला. "मराठी काय तुम्ही? मग आधी सांगायचं की, अक्का!" वीसेक वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणतो याचा निषेध करायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी त्यात कापूस कोंबला. पुढचा अर्धा तास ते बोलत होते आणि मी ऐकत होते. महिनाभर मराठीला मुकलेली मी. समोर एवढं मराठी वाहतंय आणि आपल्याला एक शब्द बोलता येत नाही... दाढेपेक्षा तेच जास्त ठणकत होतं. कापूस निघाल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो दाढेबद्दलचा नव्हता. हत्यारांच्या ट्रेमध्ये, चिमट्यांच्या शेजारी, पोट उघडलेलं एक धातूचं यंत्र पडलं होतं. हे काय, मी विचारलं. "मासे धरायचं रीळ," अण्णा म्हणाले. "तुमच्या आधीचा पेशंट. ह्याच्या चाकाचेही दात किडलेत."

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दातांचे पेशंट संपले की तो दवाखाना रिळांचा व्हायचा. गळाच्या काठीला मुठीशी जे बसवलेलं असतं, ज्याच्यावर तंगूस, म्हणजे गळाची दोरी, गुंडाळला जातो, ते रीळ. तेव्हा चांगलं रीळ म्हणजे कुणाचा तरी भाचा नाहीतर मेव्हणा परदेशातून आणणार, आणि त्याचे सुटे भाग तर नावालाही मिळायचे नाहीत. केसाएवढी स्प्रिंग तुटली की ते महागडं रीळ शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचं. अण्णा ती स्प्रिंग दात सरळ करायच्या तारेपासून वळवून द्यायचे. फी काही नाही, अट एकच. रिळाच्या मालकानं पेशंटच्या खुर्चीत बसायचं. मग अण्णा वरचा दिवा रिळावर वळवणार, झाकण उघडणार आणि मालकाला निदान सांगणार. "वाळूत टाकलं होतंस ना, थॉमस? खोटं बोलू नको, आत दिसतंय." थॉमस रेल्वेत गार्ड, सहा फुटी माणूस, पण त्या खुर्चीत शाळेत उशिरा पोचल्यासारखा कसानुसा व्हायचा. मूर्ती सर हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांचं रीळ कायम लखलखीत. त्यांना अण्णा म्हणायचे, "सर, स्वल्प वापरा तरी!" स्वल्प म्हणजे कन्नडातलं 'जरासं', अण्णांच्या मराठीत कायमचं मुरलेलं. निदान झालं की रीळ ठेवून जायचं आणि पुढच्या शनिवारी घेऊन जायचं. आमचं आपसातलं बोलणं म्हणजे कन्नड, हिंदी आणि इंग्रजीची भेळ असे. इथे मी ते सगळं मराठीत मांडते आहे. अण्णा मात्र माझ्याशी कधी मराठी सोडून बोलले नाहीत.

मी त्यात कशी शिरले, मला नीटसं आठवत नाही. सातारकर घरातली, माशाचा वास आला तरी पदर नाकाला लावणारी बाई. पण मला ते आतलं यंत्र बघायला आवडायला लागलं आणि अण्णांनी ते हेरलं. त्यांनी मला सगळं शिकवलं. रॉकेलमध्ये जुन्या टूथब्रशनं चाकं धुवायची, सुकवायची, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब जिथे टेकवायचा तिथेच टेकवायचा, आणि शेवटी चाकाच्या दातांना ग्रीसचा नुसता हात फिरवायचा. हे शेवटचं काही केल्या मला जमेना. माझा हात सैल. "हे काय पुरणपोळीवर तूप सोडताय?" अण्णा म्हणायचे. "ग्रीस जास्त झालं की त्याला माती चिकटते. कमी, अक्का. स्वल्प कमी." आणि कापसाच्या बोळ्यानं माझं जास्तीचं ग्रीस टिपून घ्यायचे. मी म्हणायची, आमच्याकडे पाहुण्याला तूप कमी वाढत नाहीत.

रविवारी पहाटे आम्ही येलहंक्याच्या तळ्यावर असायचो. आधी ते बेळ्ळंदूरच्या तळ्यावरही जायचे, पण तिथल्या पाण्याला वास यायला लागला तसं ते सुटलं. आमच्या डोक्यावरून हवाई दलाची विमानं घरघरत जायची. त्यानं मासे बिथरतात का, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. थॉमसच्या मते मासे बहिरे, मूर्ती सरांच्या मते थॉमस. थॉमसच्या मेव्हण्यानं अमेरिकेहून रबरी बेडूक पाठवले होते. तिकडच्या बास नावाच्या माशाला फसवण्यासाठी केलेले. आमच्या तळ्यातली मरळ कुठली अमेरिकेला गेलेली, पण तिनंही एका सकाळी शेवाळावरून उड्या मारत येणारा माझा बेडूक बघितला आणि झडप घातली. काठी वाकली, रीळ कर्रकन ओरडलं, मी त्याहून जोरात ओरडले, "अण्णा, धरा!" अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. आमच्यात नियमच होता, दुसऱ्याच्या काठीला हात लावायचा नाही. "तुमचा मासा आहे, अक्का. मी हात लावला तर तो माझा होईल." एवढं म्हणून ते तसेच उभे राहिले, मासा काठाला येईपर्यंत. मी तिला डोळे भरून बघितलं आणि पाण्यात सोडलं, आम्ही सगळेच सोडायचो. घरी नवरा म्हणाला, "सोडायचाच होता तर धरला कशाला?"

अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला तो दोन-अडीच वर्षांपूर्वी. कंपवाताची सुरुवात. आम्हाला कळायच्या आत त्यांनी दवाखाना बंद केला. कुणी सांगितलं नाही, कुणाची तक्रार नाही. "थरथरता हात दुसऱ्याच्या तोंडात घालायचा नाही," म्हणाले, आणि बाहेरची पाटी स्वतः उतरवली. शारदावहिनी, त्यांच्या पत्नी, त्या दिवशी जेवल्या नाहीत. अण्णा जेवले, पण त्यानंतर त्यांचं बोलणंच आटलं. वाड्यासारखा गप्पिष्ट माणूस, ज्याच्या बोलण्यात कुठूनही शिरता यायचं, तो व्हरांड्यात बसून रस्ता बघायला लागला. फक्त महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते पूर्वीचे व्हायचे. दिवा लावायचे, खुर्ची पुसायचे. "रिळाला दुखत नाही," म्हणायचे, "रिळांचं चालू ठेवू."

आणि एका रविवारी मूर्ती सरांच्या गळाला मोठा मासा लागला असताना त्यांचं रीळ अडकलं. मूठ फिरेना, तंगूस सुटेना, एक झटका आणि सगळं संपलं. मूर्ती सर कधी शिवी देत नाहीत, त्या दिवशी अर्धी दिली, आणि मागे अण्णा बसलेत हे लक्षात येऊन उरलेली गिळली. "माझीच चूक, घाईत फिरवलं," ते म्हणाले. घरी आणून मी ते उघडलं. आतली स्प्रिंग उलटी बसली होती. थरथरत्या बोटांना तेवढंही जमलं नव्हतं. मूर्ती सर सरळ माणूस. म्हणाले, "आपण त्यांना सांगू या. खोटेपणा बरा नाही." मी त्यांच्यावर अशी उसळले की थॉमस मध्ये पडला. "पाटी त्यांनी उतरवली, आता ही खुर्चीही काढून घेणार का? त्या शनिवारसाठी तो माणूस महिनाभर श्वास घेतो!" मग थॉमसच म्हणाला, झाकली मूठ राहू दे. ठरलं ते असं, की रिळं अण्णांकडे जायची तशीच जातील. अण्णांकडून परत आली की थॉमस ती माझ्याकडे टाकेल, आणि रविवारच्या आत मी ती नव्याने लावून देईन. जेवणाच्या टेबलावर रॉकेलचा वास बघून नवऱ्यानं कपाळाला हात लावला, पण नंतर तोच जुने टूथब्रश साठवायला लागला.

पहिले काही महिने प्रत्येक रिळात काहीतरी चुकलेलं असायचं. मग एका महिन्यात सगळी रिळं अगदी बिनचूक आली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! औषध लागू पडलं, हात सुधारला, मी सगळ्यांना सांगत सुटले. हात तर तसाच थरथरत होता, चहाची बशी वाजायची, पण आपल्याला हवं तेच आपण बघतो. तरी खबरदारी म्हणून मी रिळं उघडत राहिले, धूत राहिले, ग्रीस लावत राहिले. त्याच सुमाराला एका शनिवारी मूर्ती सर खुर्चीत होते. अण्णांनी रीळ उघडलं, दिव्याखाली बराच वेळ आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. वहिनींकडे कापूस मागितला. मला वाटलं, धूळ असेल.

अण्णांच्या शेवटच्या शनिवारी मी स्वतः खुर्चीत होते. "काय डॉक्टर, जगेल ना?" मी विचारलं. "रीळ जगेल," अण्णा म्हणाले, "मालकिणीचं सांगता येत नाही, फार चिडते." आणि किती तरी दिवसांनी मनापासून हसले. ठेवून जा, म्हणाले. मी ठेवून आले.

अण्णा गेल्यानंतर काही दिवसांनी आम्ही तिघं वहिनींना भेटायला गेलो. रिळांचं नाव काढायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो. वहिनींनीच ट्रे आणून पुढ्यात ठेवला. थॉमसचं आणि मूर्ती सरांचं रीळ बंद करून ठेवलेलं होतं. माझ्या रिळाचं झाकण उघडं, शेजारी कापसाचा बोळा. "ह्यांनी दोन केले. तुमचं तेवढं राहिलं की, अक्का," त्या म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. "काय ग्रीस लावता हो तुम्ही! दर महिन्याला उघडलं की म्हणायचे, बघ गं, अक्कानं परत पुरणपोळी केली."

म्हणजे त्यांना कळत होतं? "पहिल्या दोन-तीन महिन्यातच कळलं," वहिनी म्हणाल्या. "तवापासून आतल्या स्प्रिंगला हातच लावला नाही. झाकण काढायचे, तुमचं जास्तीचं ग्रीस टिपायचे, झाकण लावायचे. एवढंच. तेवढ्यालाही आठवडा लागायचा त्यांना." मी विचारलं, मग बोलले का नाहीत? वहिनींनी ट्रे जरा जवळ ओढला. "मी पण तेच विचारलं. म्हणाले, तिचा मासा आहे. मी हात लावणार नाही. आणि काम बरं करते, ग्रीस तेवढं सोडलं तर."

आम्ही स्वतःला मोठे शहाणे समजत होतो, पण अण्णा चोरावर मोर निघाले. मी त्यांना जपत होते, असं मला वाटत होतं. आणि त्या थरथरत्या हातांनी ते मला शिकवत होते, माझ्या मागून, कापूस घेऊन. मला राग आला, लाज वाटली, आणि अण्णांवर इतकी माया दाटून आली की तिथे बसवेना. घरी येऊन मी रडले ते मात्र फोनवरच्यासारखं नव्हतं.

महिन्याचा शेवटचा शनिवार आला तसं वहिनींनी निरोप धाडला, दवाखाना उघडलाय. गेलो तर खुर्ची पुसलेली, दिवा लावलेला. थॉमस खुर्चीत बसला, मी त्याचं रीळ उघडलं, आणि मी निदान सांगायच्या आत तोच म्हणाला, "वाळूत ठेवलं होतं, डॉक्टर." मग मूर्ती सर बसले. मग ट्रेमध्ये एकच रीळ उरलं. झाकण उघडं, शेजारी तोच बोळा. मी स्टूल पुढे ओढलं, तर मूर्ती सरांनी मान हलवली आणि खुर्चीकडे बोट केलं. मालकानं खुर्चीत बसायचं, नियम म्हणजे नियम. मी बसले. मूर्ती सरांना रिळातलं काही कळत नाही. त्यांनी चष्मा पुसला, दिवा वळवला, आत वाकून बराच वेळ बघितलं. मग नवा कापूस घेतला आणि खडू धरायच्या चिमटीत धरून चाकाच्या दातांवरून हलके फिरवला.

"ग्रीस स्वल्प जास्ती झालंय, अक्का," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं मराठी वाक्य.

माझ्या तोंडात कापूस नव्हता, तरी मला एक शब्द बोलता आला नाही.