घड्याळाच्या नोकरीतले काका

“घड्याळाचं बोला, घड्याळाचं! त्याशिवाय कावळा शिवायचा नाही,” काकूंचे भाऊ कुजबुजले. बोळिंजच्या तळ्याकाठी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांच्या दहाव्याचा पिंड मांडला होता आणि काकूंना धरायला म्हणून मी सोबत गेले होते. सगळ्यांना आधी घड्याळच आठवावं यात नवल नव्हतं. एका वस्तूच्या नोकरीत जन्म काढलेला दुसरा माणूस अख्ख्या वसई-विरारमध्ये नसेल.

निळ्या मीनाकामाचं, कडेने माणकं आणि पाचू जडवलेलं ते टेबलावरचं घड्याळ काकांच्या गिरगावातल्या शेटजींनी मरताना त्यांच्या हाती सोपवलं होतं. “चालू ठेवा,” एवढंच म्हणाले होते. गिरगावची खोली विकून इकडे येताना काकू सामानाबरोबर टेम्पोत बसल्या आणि घड्याळ टॅक्सीने आलं, काकांच्या मांडीवर. रोज संध्याकाळी हातांत धुतलेले पायमोजे चढवून काका त्याला चावी देत. ती एकच दिवस पुरायची, म्हणून ते कुठे मुक्कामाला गेले नाहीत, सख्ख्या पुतणीच्या लग्नालासुद्धा. धूळ उडते म्हणून पाहुण्यांना मे महिन्यातही पंखा मिळत नसे. घड्याळाबद्दल ते आदरानेच बोलत. “हळू, ते ठोके देतायत.” आतून काकू ओरडत, “आधी माझ्या सवतीला निजवा, मग पानावर या!” मला काका ‘इंग्लिश शाळा’ म्हणत. तबकडीवरचं कुठलंसं परदेशी नाव मला वाचता आलं नाही, तेव्हा म्हणाले, “मग एवढी फी कसली घेतात गं?” मी नेहमीसारखी मान खाली घालून वर घरी पळाले.

उन्हं चढली. शेजारच्या कुटुंबाचा पिंड कावळ्यांनी केव्हाच उचलला होता. आमच्याकडे ते ढुंकूनही बघत नव्हते. “बाबा, घड्याळ विकणार नाही,” मुलगा म्हणाला. “या दहा दिवसांसारखीच रोज चावी देऊ,” सुनेने हात जोडले. “काचेची पेटी करून घेऊ,” भाऊंनी भर घातली. जवळ आलेला एक कावळाही उडून गेला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तशा काकू कडाडल्या, “गवताच्या कावळ्यावर बोळवण नाही करायची त्यांची!” आणि मग त्यांना रडूच फुटलं. “काय राहिलंय हो तुमचं अजून?”

मला ते ठाऊक होतं. शेवटच्या आजारात मी सूप घेऊन गेले होते, तेव्हा काका सुजलेल्या बोटांनी चावी फिरवत होते. फिरत नव्हती. आजचा दिवस राहू द्या, मी म्हटलं. “मी कसं राहू देणार? शब्द दिलाय.” मग घड्याळाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, “दुसऱ्या कुणी बंद केलं ना, तर सुटेन गं मी.”

सगळे पिंडाकडे बघत होते. काकूंचा हात मी हलकेच सोडला. मी दोन पावलं पुढे झाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

“काका, घड्याळ आम्ही बंद करतोय. आता त्याला कुणीच चावी देणार नाही.”